विषय: मोटरहोममधल्या तथाकथित गरम फरशीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी तुमच्या सेवा विभागाशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. आठव्यांदा बोलण्याची माझी तयारी नाही, म्हणून लेखी कळवतो.

गाडीचं काम तुम्हीच केलंय, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. ४० चौरस फूट पोर्सेलिन टाइल, खाली २४० वॅटच्या दोन हीटिंग मॅट, भिंतीवर थर्मोस्टॅट. फरशीचं वेगळं बिल १,४२,००० रुपये, पूर्ण भरलेलं. ही चैन म्हणून घेतली नव्हती. आमच्या हिचे गुडघे धरतात, पहाटे उठून गार फरशीवर पाय टाकला की दहा मिनिटं चालता येत नाही. तुमच्या शोरूममध्ये तिनं चप्पल काढून डेमोच्या टाइलवर पाय ठेवला आणि म्हणाली, "घेऊ या." मग मी भाव करायचंही विसरलो. टाइल आणि चिकटवायचा माल मिळून क्विंटलभर वजन वाढतं म्हणून १०० लिटरची दुसरी पाण्याची टाकीही सोडून दिली.

ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून निघून हिमाचलमधल्या जिस्पाला गेलो. अटल बोगद्यातून बाहेर पडलो, सिस्सू मागे टाकलं आणि मागून "टक्" असा आवाज आला. कपाटातली बशी फुटली असं वाटलं. थांबून पाहतो तर ओट्यासमोरच्या तीन टाइलवरून एक सरळ रेघ गेलेली, पट्टी लावून ओढावी तशी. त्या बाजूची मॅट तेव्हापासून मेली. रात्री बाहेर उणे चार. पलंगाकडची मॅट आठ वाजता चालू केली. थर्मोस्टॅट २८ अंश दाखवत होता आणि टाइल इतकी गार की ही पाय वर घेऊन बसली. गेस्ट हाउसच्या प्लगला १८० व्होल्ट येत होते आणि त्यात मॅटची ताकद साठ टक्क्यांवर येते, हे मला कळतं. मी महावितरणमधून निवृत्त झालोय. तेवढं मी तुमच्या नावावर टाकत नाही. पण सकाळी दार उघडलं तर गाडीखाली, बरोबर पलंगाच्या खाली, एक केसाळ कुत्रं अंगाची जुडी करून गाढ झोपलेलं. वाकून गाडीच्या तळाला हात लावला. तळ कोमट होता! वर आम्ही काकडत होतो आणि १,४२,००० रुपयांची ऊब त्या कुत्र्याला मिळत होती.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्याकडची मुलगी गोड बोलते, त्याबद्दल तक्रार नाही. तिनं विचारलं, "काका, टाइल तडकली तेव्हा गाडी कुठे होती?" म्हटलं, रस्त्यावर. "म्हणजे चालू होती?" हो. "म्हणजे तुम्ही चालवत होतात?" म्हटलं, हो बाई, मीच चालवत होतो, लायसन्स आहे माझ्याकडे. मग टकटक टाइप केल्याचा आवाज. "एक मिनिट होल्ड करा हं काका." त्या एका मिनिटात अकरा मिनिटं बासरी ऐकली. परत आली ती सरांशी बोलून. "काका, सर म्हणाले, टाइलची वॉरंटी गाडी उभी असेल तरच लागू होते. मूव्हिंग कंडिशनमध्ये कव्हर नाही होत." मी विचारलं, मग मोटरहोममधला "मोटर" शोभेला आहे का? ती म्हणाली, तशी नोंद करून घेते. खरंच करून घेतली, मला टाइप केल्याचा आवाज आला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणते, "काका, राग मानू नका, पण टाइल बेसिकली थंडच असते. काकूंना लोकरीचे मोजे घालायला सांगा ना."

लोकरीचे मोजे मला बाजारात दीडशे रुपयांत मिळतात.

त्या मुलीला मी बोल लावत नाही, समोरच्या कागदावर असेल ते ती वाचते. मला ते "सर" कोण हे जाणून घ्यायचंय.

घरी आल्यावर तडकलेली एक टाइल मी स्वतः उचलली. उचलली म्हणजे काय, नुसतं पाते घातलं आणि ती हातात आली. मागे सिमेंटचे पाच लाडू, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकी सगळं पोकळ. उरलेल्या टाइल नाण्यानं वाजवून पाहिल्या, निम्म्या डबडब वाजतात. कोटेशनमध्ये लवचीक ॲडहेसिव्ह लिहिलंय, सापडलं ते घराच्या भिंतीला लावतात ते. प्लाय आणि टाइलच्या मध्ये ऊब अडवणारा १० मिलिमीटरचा एक्सपीएस, म्हणजे फोमचा, बोर्ड लिहिलाय, तो नाहीच. म्हणून ऊब खाली कुत्र्याकडे गेली. तडा बरोबर दोन प्लायच्या सांध्यावर आहे. गाडीची चॅसी वळणावर पिळते, सांधा हलतो आणि मध्ये ते हलणं पचवणारा लवचीक थर, म्हणजे मेम्ब्रेन, नसेल तर टाइल फाटणारच. थर्मोस्टॅटचा सेन्सर हीटिंगच्या वायरला खेटून टाकलाय, म्हणून तो टाइलऐवजी वायरचीच ऊब मोजतो आणि २८ दाखवून खुशाल झोपतो. मल्टिमीटर लावला: एक मॅट २२० ओहम, म्हणजे ठीक. दुसरी ओपन. तुटलेली २३० व्होल्टची वायर, वर भेगाळलेली टाइल आणि त्यावर अनवाणी चालणारी माझी बायको. वीज गळली की लगेच तोडणारा ३० मिलिअँपचा ईएलसीबी मी माझ्या पैशानं बसवला होता, कारण तुमच्या कोटेशनमध्ये तो "ऑप्शनल" होता.

आणि हे सगळं कशामुळे, तर मी गाडी चालवली म्हणून!

तुमचा विक्रेता "बॅटरीवर रात्रभर चालेल" म्हणाला होता, तेही लक्षात आहे. साडेबारा व्होल्ट, २०० अँपिअर-अवर म्हणजे अडीच युनिट. ४८० वॅटला पाच तास. तुमच्याकडे रात्र पाच तासांची असते का?

मला पूर्ण फरशी उखडून, बोर्ड, मेम्ब्रेन आणि लवचीक ॲडहेसिव्ह घालून, टाइलच्या आधी आणि नंतर माझ्यासमोर मॅटचं रीडिंग घेऊन नव्यानं बसवून हवी आहे. जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. पंधरा दिवस थांबेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. जिल्हा आयोग माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. गुडघे माझे चांगले आहेत.

वाईट याचं वाटतं की गल्लीतल्या दोघांना मीच तुमचं नाव सुचवलं होतं. गेल्या आठवड्यात दोघांच्याही घरी जाऊन आलो.

गाडी अंगणात उभी आहे, म्हणजे सध्या वॉरंटीत आहे. माणूस पाठवायचा असेल तर तो प्लाय आणि मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, ओळखणारा पाठवा. चहा मिळेल, टाइलवर बसून घ्यावा लागेल.

आपला, अजून तरी ग्राहक,
सातारा

ता.क. तडा, पाच लाडू, मल्टिमीटरचं रीडिंग आणि कुत्रं, असे चार फोटो सोबत जोडले आहेत.