आधी जुनी बाकी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी रुग्णालयांच्या थकबाकीवरचा डॉक्टरसाहेबांचा लेख कालच्या अंकात वाचला. वीजबिल, परिचारिकांचे पगार, यंत्रांचे हप्ते, सगळं मान्य. पण बिल न भरणाऱ्या पेशंटांसाठी 'बुडवे' हा शब्द लेखात सात वेळा आला आहे. निवृत्त मास्तर असल्यामुळे मोजायची सवय.

माझा धाकटा भाऊ त्या सातांतलाच. इचलकरंजीत त्याचे आठ माग होते. सुताचा भाव आणि उधारीवर गेलेलं कापड यांच्यात तो भरडला गेला. माग किलोवर भंगारात गेले आणि शेवटी त्याने कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज केला. कायदा १९२० चा. कर्ज ५०० रुपये असलं तरी अर्ज करता येतो, म्हणजे त्या हिशेबाने आपण सगळेच पात्र! (२०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींचा भाग अजून कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू आहे. आमच्यासारख्यांना जुनाच.) कोर्टाने त्याला नादार ठरवलं. ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांच्या यादीत सूतवाले, पतसंस्था आणि ज्यांनी त्याची अँजिओप्लास्टी केली ते रुग्णालय, ८६ हजार. वकिलांनी बजावलं, आता यादीतल्या कुणालाही परस्पर पैसे द्यायचे नाहीत, जे काही होईल ते रिसीव्हरमार्फत, म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब पाहायला कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत.

गेल्या महिन्यात त्याला तपासणीला नेलं. माझ्या पेन्शनमधले ७०० रुपये काउंटरवर ठेवले. तिथल्या मुलीने भावाच्या नावाची पावती फाडून हातात दिली आणि म्हणाली, "काका, आता तपासणीचे ७०० द्या." पावतीवर पाहतो तर 'मागील बाकीपोटी जमा'. नवे पैसे आधी जुन्या बाकीत जातात, सिस्टीमच तशी आहे म्हणे. मी कोर्टाचा हुकूम दाखवला. बिलिंगच्या साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं मेडिक्लेम?"

रुग्णालय धर्मादाय आहे बरं का. तशी पाटीही आहे, कुंडीमागे. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बलांना सवलतीत, ही उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना २००६ पासूनची. समाजसेवा अधिकारी बाईंनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. दाखला गेल्या वर्षीचा, तेव्हा माग चालू होते. म्हणजे कोर्टाच्या लेखी माणूस नादार आणि तहसीलच्या लेखी खाऊनपिऊन सुखी. मग सरकारच्या मोफत उपचारांच्या जनआरोग्य योजनेचं विचारलं. तर म्हणे ती भरती होणाऱ्याला, नुसत्या तपासणीला नाही. थोडक्यात, आधी झटका येऊ द्या.

बरं, दुसरीकडे दाखवावं म्हणून अँजिओग्राफीची सीडी आणि फाईल मागितली. तीही बाकी भरल्यावरच. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांच्याच २००२ च्या आचारसंहितेत लिहिलं आहे. मी लेखी अर्ज दिला, त्याला आज २३ दिवस झाले.

तातडीचं नसेल तर पेशंट नाकारायची डॉक्टरांना मुभा आहे, हे मला ठाऊक आहे. नाकारा की. पण मग ७०० रुपये ठेवून घेऊन का नाकारता?

आता आपल्याविषयी, राग नसावा. नादारीची जाहीर नोटीस आपल्याच दैनिकात आली होती. तीत भावाचा घर क्रमांक चुकून शेजाऱ्यांचा पडला. शेजारी दोन आठवडे आमच्याशी बोलत नव्हते. दुरुस्ती छापा म्हटलं तर जाहिरात विभागाने नव्या जाहिरातीचे दर सांगितले. कालच्या लेखाखाली एका रुग्णालयाची पाव पान जाहिरात होती, तिच्यात मात्र एका वेलांटीचीही चूक सापडली नाही.

राहता राहिले ते ७०० रुपये. ते यादीतल्या एकाला, म्हणजे रुग्णालयाला, परस्पर पोचले आहेत आणि पावती भावाच्या नावावर आहे. रिसीव्हरना आता काय सांगायचं, एवढं डॉक्टरसाहेबांनी पुढच्या लेखात लिहावं.

– एक वाचक, इचलकरंजी
(भावाच्या आग्रहामुळे नाव देत नाही. नोटिशीत एकदा आलं तेवढं पुरे, असं तो म्हणतो.)