बरकोबाची वही

आंजर्ले,
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तो ठेवलासच. नंतर मी तीनदा लावला, तिन्ही वेळा वाजून वाजून बंद झाला. बाबा म्हणाले, आता फोन नको, पत्र लिही. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. देता येतं खरं, पण निदान मला ते ऐकू येणार नाही. उद्या शेजारचा दादा रत्नागिरीला निघालाय, त्याच्याकडे देते.

लिहायला बसताना एक ठरवलंय, की जेवणाचं विचारायचं नाही. रविवारी शिवरात्र होती, उपास असेल म्हणून मी काही बोलले नाही. पण सोमवारी रात्री रेक्टरबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, मेसमध्ये दिसली नाही. बरं, एवढंच. आता पुन्हा नाही लिहीत.

फणसाचं मी तुला नीट सांगितलंच नाही. 'पाडायचं ठरतंय' म्हटलं, तर तू लगेच विचारलंस, 'ठरतंय की ठरवलंत?' ठरवलंय, मनू. पावसाच्या आधी पाडायचा आहे. मला तोंडावर सांगवलं नाही म्हणून असं गुळमुळीत बोलले.

जुलैतली गोष्टही तुला अर्धीच सांगितली होती. फांदी पडली, न्हाणीघराची कौलं फुटली, इतकंच. आजी पहाटे त्याच न्हाणीघरातून नुकती बाहेर पडली होती हे नाही सांगितलं. ती पडवीच्या पायरीवर पाय ठेवतेय आणि मागे फांदी आली. तिला खरचटलंसुद्धा नाही. मागे वळून झाडालाच म्हणाली, 'थांबलास होय रे माझ्यासाठी.' तुझीच आजी ती. पण त्या रात्रीपासून वारा सुटला की माझा डोळा लागत नाही. मी उठून माजघरात बसते आणि वाशांचा आवाज ऐकत राहते. सुताराला बोलावलं, त्याने कोयतीच्या मुठीने खोडावर ठोकून पाहिलं. वर आवाज खणखणीत येतो, खाली कमरेएवढ्या उंचीवर आला की ढब्ब. वादळात फांदी फाटली होती ना, तिथून पाणी शिरत गेलंय. मुळाशी वाळवी आहे. आणि झुकलाय तो बरोबर स्वयंपाकघराकडे.

हे सगळं लिहिते आहे आणि मला तू पाच वर्षांची दिसते आहेस. दोन वर्षं त्याला फळ धरलं नव्हतं. अण्णांनी जुनी रीत काढली. एकाने कोयता घेऊन झाडावर धावून जायचं, 'फळत नाहीस काय, आज तोडतोच तुला!' आणि दुसऱ्याने त्याचा हात धरून म्हणायचं, 'राहू दे, पुढच्या वर्षी फळेल तो.' दुसरं माणूस मी. मला वाक्य पढवून उभं केलं होतं. तुला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अण्णा ओरडत धावले मात्र, तू कुठून आलीस कळलं नाही, खोडाला दोन्ही हातांनी अशी चिकटलीस की गालावर चीक लागला. मग अर्धा तास खोबरेल लावून तुझे केस सोडवत होते. माझं वाक्य मला म्हणायलाच मिळालं नाही. अण्णा रात्री जेवताना म्हणाले, 'या पोरीसमोर नाटक करायचं नाही.' पुढच्या वर्षी त्रेचाळीस फणस धरले. तू मोजलेस, मी नाही.

तेव्हाच त्याचं बरकोबा झालं. घरात सगळ्यांना गडग्याकडचा कडक गऱ्यांचा कापा हवा असायचा. पाहुणा आला तरी कापाच फोडायचा. बरक्याला सगळी नाकं मुरडायची, गरा हातात धरला की निसटतो, गिळायचा तर घशात उतरतो की नाही याची भीती. तू मात्र त्याच्याखाली बसून कोपरापर्यंत ओघळ येईतो खायचीस, आणि चारखंडं वासराला स्वतः नेऊन घालायचीस. फणसपोळीला बरकाच लागतो हे मोठ्या माणसांनाही तू सुनावायचीस. तुला मेसमध्ये

नाही. लिहिणार नव्हते.

निसर्ग वादळाचा दिवस तुला किती आठवतो मला ठाऊक नाही. ३ जून २०२०. करोनामुळे शाळा बंद, मुंबईची काका-काकू इथेच अडकलेली, घरात नऊ माणसं. दुपारी आम्ही सगळे माजघरात, कौलं पत्त्यांसारखी उडत होती, आणि तू आजीच्या पदरात डोकं घालून एकच विचारत होतीस, 'तो उभा आहे का?' काकाला वाटलं तू बाबांबद्दल विचारतेस. वारा पडल्यावर बाहेर आलो तर आगर ओळखू येईना. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडलेल्या, माड मधोमध पिळवटलेले, गडग्याकडचा कापा मुळासकट आडवा. बाबा पायरीवर बसले ते उठेनात. वीस-वीस वर्षांची झाडं, मनू. त्यांच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. तू सरळ धावत बरकोबाकडे गेलीस. तो उभा होता. वाकलेला, एक मोठी फांदी सोललेली, पण उभा.

आणि मग तू दोन दिवस जेवली नाहीस. अण्णांनी काथ्याचा दोर घालून त्याला विहिरीच्या खांबाशी बांधलं, टेकू दिला, तेव्हा तू पेजेची वाटी हातात घेतलीस.

अण्णा गेले तेव्हाही तेच. आम्ही आमच्या दुःखात, घर माणसांनी भरलेलं, मला वाटलं कुणीतरी वाढलं असेल. तेराव्यानंतर शाळेत गेलीस आणि प्रार्थनेत कोसळलीस. हिमोग्लोबिन ८. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत राहिले. ती नजर माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून मी रेक्टरबाईंना फोन करते. तुझ्यावर पाळत म्हणून नाही. त्यांनी तुला सांगितलं असेल तर राग धरू नकोस, त्यांच्यावर तर नकोच.

आता वहीचं. तुझ्या कपाटाला मी हात लावत नाही, पण वनखात्याचा माणूस झाड बघायला येणार होता आणि अर्जात घेर लिहायचा होता. फणस असा आपल्या मनाने तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याला जोडलेल्या यादीत साग, आंबा, चिंच, हिरडा, जांभूळ यांच्याबरोबर तोही आहे. माड त्यात नाही. बाबा म्हणाले, आमचे माड वादळाने विचारून थोडेच पाडले! तर मी वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, वर 'बरकोबा, खाजगी'. खाजगी वाचूनही उघडली, त्याची माफी मागते.

दर ऋषिपंचमीला घेतलेलं माप. मी चुलीशी ऋषीची भाजी ढवळत तुला हाका मारायचे आणि तू आगरात, मला वाटायचं खेळतेस. पहिल्या बेचक्यातल्या खिळ्याला दोरी, दोरीला अण्णांनी बांधून दिलेला दगड, आणि दगडापासून बुंध्यापर्यंतचं अंतर. २०२० ला ११ इंच. मग १२. मग १४. २०२३ ला साडेचौदा, पुढे तू कंसात लिहिलंयस, 'थांबला बहुतेक'. २०२४ ला १७, आणि पुढे काहीच नाही लिहिलेलं.

तो माणूस आला, टेपाने घेर घेतला, २२९ सेंटिमीटर. मी वहीतला घेर सांगितला, दीड वर्षापूर्वी सात फूट पाच इंच. त्याने आकडेमोड केली आणि म्हणाला, 'इंचाचा फरक. कुणी घेतलं माप?' आमच्या मुलीने, मी म्हटलं. 'फॉरेस्टला आहे का?' म्हटलं, नाही हो, अकरावीला आहे. मी चहात साखर घालायची विसरले, त्याने तसाच प्यायला.

गेल्या वर्षी तू नव्हतीस म्हणून ऋषिपंचमीला दोरी मीच सोडली. २१ इंच आले. दोनदा पाहिलं. ते वहीत लिहायची हिंमत झाली नाही, कालनिर्णयच्या ऑगस्टच्या पानावर लिहिलं आणि पान उलटलं. तू दिवाळीत आलीस, झाडाखाली बसलीस, मला विचारलंस 'यंदा मोजलं कुणी?' आणि मी म्हटलं, कामाच्या गर्दीत राहिलं. ते खोटं होतं.

तेव्हा तुला काय कळायचं ते २०२४ लाच कळलं होतं, मनू. म्हणून तर तू पुढे काही लिहिलं नाहीस. तू हुशार आहेस, स्वतःच्या आकड्यांकडे पाठ फिरवणं तुला शोभत नाही. एका गोष्टीत सगळा जीव ओतून बसायचं आणि ती गेली की अन्न सोडायचं, असं आयुष्य कसं निघायचं? उद्या परीक्षा आहेत, नंतर नोकऱ्या आहेत, आम्ही दोघं काही

हे खोडत नाही, तसंच राहू दे, म्हणजे मी कशी बोलते ते मलाही दिसेल. तुझीच वही तुझ्याविरुद्ध वापरली मी. चुकलं. दहा वर्षांच्या मुलीने आपल्या लाडक्या झाडाचं झुकणं दरवर्षी इंचाइंचाने लिहून ठेवलं, एकदाही खोटं न लिहिता. मला ते एक वर्षसुद्धा जमलं नाही.

परवानगी देताना बदली झाड लावायची अट असते. त्याने विचारलं, कुठे लावणार? मी त्याला विहिरीकडे नेलं. निसर्ग वादळात तुटलेल्या फांदीवरच्या फणसाच्या आठळ्या तू त्याच आठवड्यात पिशव्यांत लावल्या होत्यास. मी म्हणत होते वाळवून ठेव, सावकाश लाव, आणि अण्णांनी मला गप्प केलं की आठळी वाळली म्हणजे मेली. अकरांतल्या दहा घुशीने नेल्या. एक आता बाबांच्या डोक्याच्या वर गेलाय. अजून फळला नाही. बरका निघेल की कापा, फळेपर्यंत कुणाला सांगता येत नाही. आठळीतून आलेला आईवर जाईलच असं नाही. आजीचं म्हणणं कापा निघाला तर ती त्याला बोलणार नाही.

सुतार म्हणतो, वरच्या भागातून तीन-चार फुटांच्या फळ्या निघतील, जास्त नाही. बाबांना गणपतीचा पाट करायचाय. मी म्हटलं, मनूला विचारल्याशिवाय एक ढलपीही हलवायची नाही. एका व्यापाऱ्याने सगळंच उचलतो म्हणून पैसे सांगितले होते, त्याला बाबांनी आल्या पावली वाटेला लावलं. आपल्याला यंदा पैसे नको होते असं नाही.

मशीनवाला पुढच्या महिन्यात, तुझी परीक्षा झाल्यावरच येईल. तोवर दोर मी नवा घातलाय. तू येऊन स्वतः दोरी सोड आणि माप घे, मग ठरव माझ्याशी बोलायचं की नाही. येणार नाहीस म्हणालीस, ते रागाने म्हणालीस असं धरून चालले आहे. आणि यायचं नसेल तर तसं कळव, मी जबरदस्ती करणार नाही. करेन बहुधा, पण एकदाच.

यंदा चार कुयऱ्या आहेत त्याला. खालच्या दोन काढून काल ठेचून भाजी केली, आजीने ओलं खोबरं जास्त घातलं. वरच्या दोन तशाच ठेवल्यात.

डब्यात गेल्या मेमधली फणसपोळी आहे, त्याचीच, शेवटच्या तीन गुंडाळ्या. मैत्रिणींना दे, पण सगळी देऊ नकोस. दादा शनिवारी संध्याकाळी परत निघेल, डबा त्याच्याकडेच पाठव. धुऊन पाठवू नकोस, नुसता रिकामा पाठव.

तुझी,
आई