‘औषधाची सवय’ नव्हे, एका प्रथिनातला बदल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुरशीजन्य संसर्गावरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘बुरशीला औषधाची सवय होते’ असे विधान आहे. विषय हाती घेतल्याबद्दल आपले मनापासून आभार. परंतु सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना हाच समज मला दरवर्षी खोडून काढावा लागतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कॅन्डिडा ग्लाब्राटा हे यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, रक्तात शिरले तर जिवावर बेतते. त्याच्या पेशीत पीडीआर१ नावाचा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर असतो, म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी बसून कोणती जनुके कामाला लागावीत हे ठरवणारे प्रथिन. अझोल या बुरशीरोधक गटातले औषध पेशीत आले की ते थेट या प्रथिनाला चिकटते, हे २००८ मध्ये दाखवले गेले. त्यानंतर पीडीआर१ गॅल११ए या दुसऱ्या प्रथिनाशी जोडले जाते आणि सीडीआर१सारख्या पंपांची जनुके जोमाने चालू होतात. हे पंप पेशीपटलात बसून, ऊर्जा खर्चून, औषध बाहेर टाकत राहतात. यीस्टला मारायला आलेले औषधच त्याला सावध करते, असे हे विलक्षण तंत्र आहे.

पीडीआर१च्या जनुकात एखादे उत्परिवर्तन होऊन केवळ एक अमिनो आम्ल बदलले, तरी हे प्रथिन औषध नसतानाही कायम जागे राहू शकते. या यीस्टमध्ये गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे असा बदल झाकणारी जनुकाची दुसरी प्रत नसते. उपचारात बाकीच्या पेशींची वाढ खुंटते, बदललेल्या पेशी मात्र वाढतच राहतात. इथे सवय कुणालाच लागत नाही, निवड होते. मला सर्वांत अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट: उंदरांवरील प्रयोगांत असे बदल झालेले यीस्ट अधिक घातकही ठरले आहे.

बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असल्याने तिच्यावरील औषधांचे गट मोजकेच आहेत. पीडीआर१ मात्र ज्या जस्तयुक्त प्रथिनांच्या कुळातले आहे, ते कूळ माणसात नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी पीडीआर१ आणि गॅल११ए यांची जोडणी रोखणारा रेणू शोधला, आणि त्यामुळे प्रतिरोधक यीस्ट उंदरांमध्ये पुन्हा अझोलला दाद देऊ लागले. आपल्या लेखात या दिशेचा उल्लेख असायला हवा होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या १९ बुरशींच्या यादीत हे यीस्ट ‘उच्च प्राधान्य’ गटात आहे. ‘सवय’ या शब्दामुळे रुग्णाला आपलेच शरीर औषधाला सरावले असे वाटते, आणि यीस्टची नेमकी जात व तिची औषधसंवेदनशीलता तपासण्याची गरज नजरेआड होते. पुढील लेखात या तपासणीविषयी सविस्तर माहिती द्यावी आणि बुरशीचा उल्लेख तिच्या नावानिशी करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका