सुपातली तंबाखू, रिळाचा दोरा आणि डॉक्टर मॅडमचे आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

विडी घरकुलातली, म्हणजे सोलापूरच्या विडी कामगारांच्या वसाहतीतली, आम्ही कुत्री-मांजरं पाळणारी मंडळी हे पत्र जाहीरच लिहितोय, म्हणजे तुम्ही सांगितलेलं शेजारच्या घरांनाही कळेल. प्राण्यांना काय देऊ नये याच्या याद्या मोबाइलवर रोज फिरतात. त्यात चॉकलेट असतं, अ‍ॅव्होकाडो असतो. आमच्याकडे अ‍ॅव्होकाडो येणार कुठून? तुम्ही मात्र आल्या आल्या जमिनीवर बसलात, मांजराच्या उंचीवरून खोली पाहिलीत आणि बोट ठेवलंत ते विड्यांच्या सुपावर आणि दोऱ्याच्या रिळावर.

दोऱ्याबद्दल तुम्ही सांगितलंत, ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा जिभेवर आला की त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी नाहीतर जठरात अडकतं, आतडं मात्र उरलेला दोरा पुढे ढकलत राहतं. मग नाडी ओढल्यावर परकराचा नेफा गोळा व्हावा तसं आतडं दोऱ्यावर चुणत जातं आणि ताणलेला दोरा त्याला कापतो. सारख्या उलट्या, खाणं बंद, पाठ वाकवून कोपऱ्यात बसणं, ही त्याची लक्षणं. खालच्या जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागी अंगठ्याने हलकेच वर दाबलं की जीभ उचलली जाते आणि मुळाशी गुंतलेला दोरा दिसतो. हे तुम्ही प्रत्येकीकडून करून घेतलंत. दिसला नाही म्हणजे पोटात नाही असं धरायचं नाही, हेही बजावलंत. तोंडातून किंवा शेपटीखालून टोक लोंबत असलं तरी ओढायचं नाही, आतडं फाटतं. तसंच दवाखान्यात न्यायचं, आणि दोऱ्याला सुई होती का ते सांगायचं.

रीळ आता झाकणाच्या डब्यात असतं, झाकणाला भोक पाडून दोरा तेवढा बाहेर. तोडलेले तुकडे जमिनीवर न टाकता वाटीत, काम उठलं की वाटी केराच्या बंद डब्यात. संक्रांतीत गच्चीवरचा मांजाही असाच गोळा करायचा. मांजरांचा खेळ मात्र तुम्ही बंद करू दिला नाहीत, हे फार बरं केलंत. कागदाचा बोळा किंवा काठीला बांधलेली दोन बोटं रुंद चिंधी, आणि खेळ संपला की काठी फळीवर. संध्याकाळी या बोळ्यामागे जी धावपळ चालते, ती बघायला कामावरचे हातही थांबतात.

तंबाखूचं विष पोटात गेल्यावर तासाभराच्या आत दिसू लागतं. लाळ, उलटी, जुलाब, थरथर, जास्त गेली असेल तर झटके, मग अंग गळून पडतं. घरगुती इलाजाने काम कसं बिघडतं तेही तुम्ही कारणासकट सांगितलंत. खाण्याचा सोडा दिला की पोटातलं आम्ल कमी होतं आणि निकोटिन उलट लवकर रक्तात उतरतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला गेलं तर मीठच बाधतं. म्हणून काही न पाजता निघायचं, किती आणि कधी खाल्लं ते सांगायचं. सूप खुंटीला, तंबाखू फिरकीच्या झाकणाच्या डब्यात, आणि दारातली थोटकं झाडून टाकायची.

उन्हाळ्याचं तर काय सांगावं! सोलापुरात पारा 43 च्या पुढे गेला की पत्र्याच्या खोलीत कुत्र्याचं नुसतं धापा टाकून भागत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 104 च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, पाय लटपटले की आधी अंग थंड करायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. पोट, काखा, जांघा, पंजे भिजवून पंख्यासमोर ठेवायचं. अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवला तर खाली वाफ कोंडते. 103 ला आलं की अंग भिजवणं थांबवायचं, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं. आणि तुमची खास सूचना: दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी घेऊ नका, ते स्वतःच कढत असतं. बॅरलचं घ्या, पण बॅरलला झाकण हवंच, पिल्लं आत पडतात.

खाण्याचं थोडक्यात. कडक भाकरी दुधापाण्यात भिजवून थोडी चालते, शेंगाची चटणी नाही. तिच्यातला लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि लक्षणं दिसायला काही दिवस जातात. मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही, 500 मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेते.

फी घेताना तुम्ही घराकडे बघून घेतलीत, त्याबद्दल इथे जास्त लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही.

एक मात्र विचारायचं राहिलं. कुत्र्याचं परमेथ्रिन या कीटकनाशकाचं गोचिडाचं औषध मांजराला लावायचं नाही, हे समजलं. पण दोघं एकाच चादरीवर झोपतात, आणि मांजर कुत्र्याचं अंगही चाटतं. तेव्हा अशा घरात कुत्र्याला कोणतं औषध लावावं, ते पावसाळ्याआधी एकदा येऊन सांगा. चहा आमच्याकडे.

आपले कृतज्ञ,
विडी घरकुल, सोलापूर येथील प्राणी पाळणारी कुटुंबं