कोंबडीचा तळवा उलटून पाहा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत कुत्र्या-मांजरांच्या नखांपासून दातांपर्यंत सगळं छापून येतं. कोंबडी येते ती फक्त साथीच्या बातमीत. म्हणून हे पत्र.

माझी तांबू चार वर्षांची, अंगानं भरलेली. अडीच महिन्यांपूर्वी ती उजवा पाय जपून टाकू लागली. मी मांडी चाचपली, सांधा हलवून पाहिला, मुरगळला असेल म्हणत आठवडा घालवला. तळवा काही उलटून पाहिला नाही. पाहिला तेव्हा मधोमध शर्टाच्या बटणाएवढी काळी खपली, भोवती लालसर, गरम सूज. मला वाटलं, कुरूप असेल. निघाला तळव्यातला संसर्ग, ज्याला इंग्रजीत ‘बंबलफूट’ म्हणतात.

सल्ले लगेच आले. ब्लेडनं खपली काढा, दाबून पू काढा, घरात उरलेली माणसांची गोळी पाण्यात घाला. ब्लेड मी उकळत्या पाण्यात टाकलंही होतं, खोटं कशाला बोलू! पशुवैद्यांना आधी फोन केला म्हणून तांबू वाचली. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, ओल्या खडूसारखा घट्ट होऊन बसतो. दाबलं की बाहेर येण्याऐवजी संसर्ग आत सरकतो, आणि तिथून स्नायूबंध नि हाड लांब नसतं. बहुतेकदा यामागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. तो आपल्याही जखमेत शिरू शकतो, त्यामुळे हातमोजे हवेतच.

डॉक्टरांनी आधी पाय भिजवायला सांगितलं : कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट, पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. मग पाय पूर्ण कोरडा करून पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, न चिकटणारी जाळीची पट्टी आणि वरून स्वतःलाच चिकटणारं बँडेज. मी तीस वर्षं शिवणकाम केलंय, तरी पहिल्या तीन पट्ट्या तिनं तासाभरात भिरकावल्या. शेवटी बोटांच्या मधून आठाच्या आकड्यासारखे वेढे घेतले, तेव्हा पट्टी टिकली. फार आवळली तर बोटं सुजतात, म्हणून दर थोड्या वेळानं बघायचं.

धरण्यातही माझी चूक झाली. टॉवेलात घट्ट आवळलं तर ती चोच उघडून धापा टाकू लागली. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं; छातीचं हाड हललं तरच श्वास. तेव्हापासून पंख गुंडाळते, छाती मोकळी ठेवते.

खपली मऊ झाल्यावर आतला घट्ट पूचा खडा डॉक्टरांनीच काढला, वजन पाहून भुलीचं औषध मोजून. जंतूची तपासणी झाल्यावर प्रतिजैविक दिलं, आणि औषध अंड्यात उतरतं म्हणून सांगितलेले दिवस तिची अंडी मी टाकून दिली. उरलेली गोळी देणाऱ्यांना हा भाग कोणी सांगतच नाही.

दुखणं मात्र मीच आणलं होतं. बसायची दांडी माझ्या छातीइतकी उंच, खाली टणक फरशी, आणि अडीच किलोची बाई रोज सकाळी धपकन उडी मारणार. तळव्याला सूक्ष्म जखम झाली की जंतूंना तेवढंच पुरे. आता दांडी ४५ सेंटिमीटरच्या खाली आहे. चपटी, सुमारे ५ सेंटिमीटर रुंद, कडा घासून गोल केलेली. खाली कोरडा भुसा, ओला झाला की लगेच बदलते. आठवड्यातून एकदा दोन्ही तळवे पाहते. ती याबद्दल नाराज असते.

निरोगी आणि आजारी तळव्याचे फोटो शेजारी-शेजारी एकदा छापाल का? लंगडणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण कोंबडी दुखणं लपवते. फोटो हवे असतील तर तांबूचा डावा तळवा अगदी निरोगी आहे, आणि उजव्याचा पहिल्या दिवशीचा फोटो मी डॉक्टरांसाठी काढलेला आहे.

आपली,
एक वाचक