जमीन हा मूलभूत हक्क नाही, बातमीत तसं लिहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात भूसंपादनाच्या बातमीला तुम्ही 'शेतकऱ्यांच्या मूलभूत हक्कावर गदा' असं हेडिंग दिलं होतं. त्या शेतकऱ्यांच्या बाजूचाच मी आहे, पण तो शब्द चुकला आहे आणि या चुकीने आमच्या घरात नुकसान झालंय म्हणून लिहितोय.

माझ्या मामांची सव्वा एकर जमीन हायवे रुंदीकरणात गेली. गावात सगळे सांगायचे की जमीन आपला मूलभूत हक्क आहे, सही करू नका, कुठे जाऊ नका, वेळ आली तर डायरेक्ट सुप्रीम कोर्टात जाऊ. मामा तसेच बसून राहिले. नॅशनल हायवेच्या कायद्यात हरकत घ्यायला नोटिफिकेशन निघाल्यापासून फक्त 21 दिवस असतात, ते कधी संपले कळलंच नाही. नंतर वकिलांनी सांगितलं की काका, मालमत्तेचा मूलभूत हक्क जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली.

खरंच गेलाय तो. 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती, 20 जून 1979 पासून कलम 31 रद्द, आणि त्याऐवजी कलम 300 अ आलं, की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे हक्क आहे, घटनेतलाच आहे, पण भाग तीनमधला नाही. आणि सगळा फरक तिथेच पडतो, कारण घटनेच्या भाग तीनचं नावच 'मूलभूत हक्क' आहे आणि त्यातला हक्क मोडला तरच कलम 32 खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं. बाबासाहेब संविधान सभेत ज्याला घटनेचा आत्मा म्हणाले ते हेच कलम. 300 अ साठी ती वाट बंद, तिथे कलम 226 खाली हायकोर्टात जावं लागतं आणि मोबदला कमी वाटला तर त्या त्या कायद्यात दिलेल्या अधिकाऱ्याकडे, तेही मुदतीत.

मतदानाचंही तसंच, इलेक्शन आलं की 'मतदान आपला मूलभूत हक्क' असे बोर्ड लागतात, पण तो कलम 326 आणि 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातून येतो. उलट 6 ते 14 वयाच्या मुलांचं मोफत शिक्षण खरोखर मूलभूत हक्क आहे, कलम 21 अ, आणि ते मात्र खूप पालकांना माहीतच नसतं.

तुमचा पेपर आमच्याकडे पारावर मोठ्याने वाचला जातो हो, त्यात छापलं की ते खरंच मानतात लोक. म्हणून विनंती आहे की अशा बातमीत हक्क कुठल्या कलमातला ते लिहा, आणि भूसंपादनाची बातमी असेल तर हरकतीची शेवटची तारीख आणि अर्ज कुठल्या ऑफिसात द्यायचा हे ठळक चौकटीत द्या. आमच्याच तालुक्यात पुढच्या टप्प्याची मोजणी सुरू झालीये, त्या लोकांच्या हातात अजून वेळ आहे.

आपला,
एक नियमित वाचक