पुढच्याच वाक्यात

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "आपण पेपरवाले म्हणजे पोस्टमन. नेत्यानं दिलेल्या पाकिटात खरं आहे की खोटं, हे बघणं आपलं काम नाही." तुला छपाईला पान सोडायची घाई होती, म्हणून मी गप्प बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

घोडबंदर रोडवरची ती सभा मी तुला कधी नीट सांगितली नाही. ऐन उन्हाळा होता. नेते व्यासपीठावरून म्हणाले, या पट्ट्यातल्या एकाही सोसायटीला आता टँकर लागत नाही. सभेला जाताना कासारवडवलीच्या अलीकडे मी टँकरची रांग ओलांडूनच गेलो होतो. तरीही बातमीत लिहिलं, 'परिसर टँकरमुक्त झाल्याचे त्यांनी निदर्शनास आणून दिले.' मला त्या माणसाबद्दल आदर होता, आमच्या भागात त्यांनी खरोखर कामं केली होती. त्यांचं बोलणं तपासावं असं मनातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईच्या सोसायटीतल्या एक काकू महिन्याभराच्या टँकरच्या पावत्या घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू तर याच रस्त्यानं येतोस ना रे?"

तेव्हापासून मी आपल्या बातम्यांमधली क्रियापदं बघतो. 'म्हणाले' ठीक आहे. पण 'स्पष्ट केले'? 'निदर्शनास आणून दिले'? जे मुळात आहे तेच निदर्शनास आणता येतं ना! म्हणजे हे शब्द लिहितो तेव्हा आपण पोस्टमन नसतोच, नेत्याच्या पाकिटावर आपलाही शिक्का मारतो. आणि जो आपल्याला पटत नाही, त्याच्या वाट्याला 'दावा केला'. तुझ्या डेस्कवरच्या कालच्या बातम्या काढून बघ, हे किती वेळा घडलंय ते.

अमेरिकेतलं सिनेटर मॅकार्थीचं प्रकरण तुला ठाऊक आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये व्हीलिंग गावच्या भाषणात त्यानं परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचं सांगितलं. थोड्याच दिवसांत तो आकडा ५७ झाला. वर्तमानपत्रं छापत राहिली, कारण सिनेटर बोलला हे तर खरंच होतं. त्यात किती जणांच्या नोकऱ्या गेल्या! पुढे २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचक-प्रतिनिधीनं वाचकांनाच विचारलं, की बातमीदारानं नेत्यांची विधानं बातमीतच तपासावीत का? वाचक खवळले. हे विचारावं तरी का लागतं, असा त्यांचा सूर होता.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांवर अन्याय होतोय या कळवळ्यापोटी 'केसरी'नं तिथल्या संस्थानचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध लिहिलं. त्याला आधार असलेली पत्रं बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. इतकी सच्ची माणसं! ज्याच्याबद्दल जीव तुटतो, त्याच्या बाजूचा कागद तपासायला हात उचलत नाही. माझं घोडबंदरला तेच झालं होतं.

तू विचारशील, खरं-खोटं ठरवणारे आपण कोण? प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये स्वतःच्या कारभाराविषयीचा मजकूर तपासायला स्वतःचाच कक्ष नेमण्याचा नियम केला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. मला ते पटलं. स्वतःच्या खटल्यात स्वतःच निवाडा कसा द्यायचा? पण बातमीदार निवाडा देत नाही रे. तो फक्त म्हणतो, त्यांनी हे सांगितलं आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात असं लिहिलंय. कागद कुठला, तेही सांगतो. वाचकाला वाटलं तर त्यानं स्वतः उघडून बघावं.

सगळं तपासता येत नाही, हे मान्य. मत, आश्वासन, टीका जशीच्या तशी जाऊ दे. पण आकडा, तारीख, 'पहिला', 'सर्वात मोठा', हे तपासता येतं. आपल्या ठाण्यातच भाषणात ऐकायला मिळतं, की देशातली पहिली रेल्वे इथून सुटली. प्रत्यक्षात १६ एप्रिल १८५३ ला गाडी बोरीबंदरहून सुटून ठाण्याला आली. शिवाय ती पहिली प्रवासी गाडी. दगड वाहणारी रेल्वे मद्रासकडे त्याआधीच धावली होती. हे शोधायला मराठी ग्रंथसंग्रहालयात अर्धा तास पुरतो.

तुमच्याकडे आता 'तथ्य तपासणी'ची चौकट सुरू झाली, याचा तुला अभिमान आहे. असू दे. पण ती तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर येते, आणि खोटा आकडा मात्र पहिल्या पानावर मथळ्यात जाऊन बसलेला असतो. चहाच्या टपरीवर जो पेपर वाचतो तो ती चौकट कधी बघणार? विरोधकाला फोन लावून त्याची प्रतिक्रिया जोडणं, यालाही मी तपासणी म्हणत नाही. एकाऐवजी दोन दावे होतात, बस.

मला हवंय ते पुढच्याच वाक्यात. नेता म्हणाला टँकर बंद झाले. लगेच पुढे, 'सभेच्या वाटेवर टँकरची रांग उभी होती.' रात्री दहाला कागद मिळत नसेल, माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागणार असतील, तर निदान एवढं: 'या आकड्याचा आधार विचारला असता त्यांनी दिला नाही.' हे वाक्य लिहायला एक मिनिट लागतं, फक्त सभेत हात वर करून विचारावं लागतं.

तुझ्याकडे जिल्ह्यातून नवी पोरं बातम्या पाठवतात. त्यातलं कोणी असं दुसरं वाक्य लिहिलं आणि जागा कमी पडली, तर ते कापू नकोस. स्वागताला कोण कोण हजर होतं, ती नावांची ओळ काप.

काकूंनी दिलेली एक पावती माझ्या वहीत अजून आहे. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा दाखवतो. तलावपाळीला बसू, निवांत भांडू.

तुझा,
दोस्त